आजीच्या मोरारजी पाटल्या

खरं सांगा, तुमच्या घरात सोनं किती आहे?

घाबरू नका, मी इन्कम टॅक्समधून बोलत नाहीये. सहज विचारतेय. मोबाइलची वॉरंटी कधी संपते, बाइकचा इन्शुरन्स कधी रिन्यू करायचा, एसआयपी किती तारखेला कापली जाते, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण आईच्या कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या घडीखाली जो एक डबा असतो, त्यात नेमकं काय आहे? किती ग्रॅम? किती कॅरेट? ‘असेल गं आठ-दहा तोळे’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो.

आमच्याकडेही तसंच होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आजी गेली आणि तिचा डबा माझ्याकडे आला. पाटल्यांची जोडी आणि एक नथ. ‘लग्नात द्यायचंच आहे, आत्ताच घे,’ आई म्हणाली. लग्नाचा पत्ता नाही हे तिलाही ठाऊक आहे, पण ते असो. सिंहगड रोडवरच्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये मी तो डबा कपाटात, जुन्या स्वेटरांच्या मागे ठेवून दिला आणि विसरले. अगदी शब्दशः विसरले.

मग आली २५ जुलै २०२४ ची पहाट. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, वरून पावसाची धार, आणि एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलेलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, लोकांना काढायला बोटी आल्या. मी तिथून चार गल्ल्या लांब, दुसऱ्या मजल्यावर. आमच्या रस्त्यावर पाणी घोट्यापर्यंतच होतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर असे काही मेसेज यायला लागले की मी अंधारात सॅक भरली. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, पासपोर्ट. एक बिस्किटाचा पुडा. सकाळी नऊला पाऊस कमी झाला, मी चहा केला, आणि पहिला घोट घेतल्यावर मला आठवलं.

आजीचा डबा!

साठ वर्षं त्या बाईने ज्या पाटल्या हातातून उतरवल्या नाहीत, त्या मला पॉवर बँकेच्या नंतरही आठवल्या नव्हत्या. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

त्याच आठवड्यात मी आणि आई बँकेत गेलो. आईबाबांचं तिथे लॉकर आहे. मला वाटत होतं, लॉकर म्हणजे विषय क्लोज. जाड दार, दोन किल्ल्या, बाहेर गार्ड. सुरक्षेचा यापेक्षा मोठा सिंबॉल कुठला? पण फ्रीलान्स पत्रकारितेची एक वाईट सवय असते, समोर आलेला कागद वाचायची. लॉकरचा करार मी तिथेच बसून वाचला, आणि मॅनेजरबाईंना विचारलं, ‘इथून काही गेलं, तर तुम्ही किती देणार?’

त्या छान हसल्या. म्हणाल्या, ‘आत काय आहे हे आम्हाला माहीत नसतं हो. आणि माहीत करून घ्यायचंही नसतं.’

रिझर्व्ह बँकेचे लॉकरबद्दलचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग लागली, चोरी झाली, दरोडा पडला, इमारत कोसळली किंवा बँकेच्याच माणसाने हात मारला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. आमचं भाडं तीन हजार. म्हणजे जास्तीत जास्त तीन लाख, मग आत कोहिनूर का असेना. आणि पूर, भूकंप, वीज पडणं? नैसर्गिक आपत्तीत बँक जबाबदार नाही. आपण आपल्या वस्तूंची काळजी घ्यावी. शिवाय लॉकरमधल्या ऐवजाचा विमा बँक उतरवत नाही आणि तुम्हाला विकूही शकत नाही. तो तुमचा तुम्ही बाहेरून घ्यायचा.

म्हणजे मी ज्या पुराला घाबरून बँकेत आले होते, त्या पुरात बँकेचा हात वर!

आई म्हणाली, ‘हे तू वाचलं नसतंस तर बरं झालं असतं.’

लॉकर आम्ही सोडलं नाही, हे आधी सांगून टाकते. स्वेटरांच्या मागच्या जागेपेक्षा ते केव्हाही बरं. पण आता विमा हवा, असं माझ्या डोक्याने घेतलं. कॉलेजचा एक मित्र जनरल इन्शुरन्समध्ये आहे. त्याला फोन लावला. आधी त्याने मला दहा मिनिटं टर्म प्लॅन विकायचा प्रयत्न केला, मग मुद्द्यावर आला.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक प्रमाणित पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावीच लागते. घर स्वतःचं नसलं तरी फक्त घरातल्या सामानाचा विमा भाडेकरूही घेऊ शकतो. आग, पूर, भूकंप, वादळ, सगळं त्यात येतं. फक्त टीव्ही, फ्रिज, सोफा त्यात आपोआप धरतात. दागिने, चांदी, चित्रं हे ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळे नोंदवायचे आणि त्यांची किंमत आधीच कंपनीबरोबर ठरवून घ्यायची. अजून एक गोम आहे. साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. आग-पुरासारखी घटना घडल्यापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती धरतात. एरवीच्या घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यायचं. घराबाहेर, म्हणजे लग्नाला जाताना वगैरे, दागिना गेला तर त्याचं वेगळं. लॉकरचं वेगळं. फुल थाळी समजून बसलो तर कोशिंबिरीचे वेगळे, पापडाचे वेगळे.

‘पाटल्यांचं बिल आहे?’ मित्राने विचारलं.

१९६४ सालचं बिल? माझ्याकडे मागच्या महिन्यातल्या हेडफोनचं बिल नाही.

‘मग व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागेल. सगळं मिळून पाच लाखांच्या आत आणि एकेक नग लाखाच्या आत असेल, तर सूट आहे. तुझं काय?’

पाटल्या पाच तोळ्यांच्या. हे आमच्या घरातलं सगळ्यात ठाम वाक्य. आजी सांगायची, बाबा सांगायचे, आईने तर ते मनावर दगडासारखं वाहिलेलं. कारण आत्याला तिच्या लग्नात, १९९३ मध्ये, बोरमाळ मिळाली होती आणि ती ‘चारएक तोळ्यांची’. मुलाच्या घरात पाच, मुलीला चार. वर नथही इकडेच. आत्या सांगलीची. तोंडाने ती कधी एक शब्द बोलली नाही, पण आईला ते आतून टोचायचं. दर दिवाळीला आत्याला जरा भारी साडी, एकदा चांदीचं तबक. ‘तिच्या मनात असणारच गं,’ आई म्हणायची.

पाच तोळे म्हणजे लाखाच्या आत नाहीच. सर्टिफिकेट आलं.

रविवार पेठेत एका जिन्यावर व्हॅल्युअरचं ऑफिस आहे. लक्ष्मी रोडच्या एसी शोरूमसारखं काही नाही. एक टेबल, एक काटा, कोपऱ्यात मायक्रोवेव्हसारखं दिसणारं एक मशीन, आणि सत्तरीचे काका. चष्मा कपाळावर, बोलणं मोजून. त्यांनी पाटल्या आधी हातात घेऊन नुसत्या तोलल्या. मग नखाने नक्षीवरून एक रेघ ओढली आणि म्हणाले, ‘रोजच्या वापरातल्या होत्या?’

‘साठ वर्षं.’

‘अस्सं.’

त्या ‘अस्सं’मध्ये काहीतरी होतं, पण मला तेव्हा कळलं नाही.

काट्यावर आकडा आला ५८.३ ग्रॅम. म्हणजे बरोबर पाच तोळे. इथे एक सांगायला हवं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. हल्ली आपण सर्रास दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. त्यामुळे आजीच्या पिढीचे पाच तोळे म्हणजे आजच्या बोलीत पावणेसहाच्या वर. बाबा एकदम खूश. ‘बघ, आईचा शब्द!’

मग पाटली मशीनमध्ये गेली. हे क्ष-किरणांचं मशीन. सोनं वितळवावं लागत नाही, घासावं लागत नाही, मिनिटाभरात धातूंचं प्रमाण सांगतं. स्क्रीनवर आकडा आला ५८.४. मला वाटलं, वजनच पुन्हा दाखवतंय.

काकांनी चष्मा खाली घेतला. ‘वजन नाही ते. सोनं आहे अठ्ठावन्न टक्के. चौदा कॅरेट.’

तुमच्या माहितीसाठी, २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं. दागिन्यावर ९१६ छापलेलं असतं ते तेच. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, १४ म्हणजे ५८.५. उरलेलं तांबं, चांदी वगैरे. आम्ही आलो होतो २२ च्या हिशोबात. त्या वेळी, ऑगस्ट २०२४ मध्ये, शुद्ध सोनं दहा ग्रॅमला ७० हजारांच्या आसपास होतं. २२ कॅरेटने पाटल्यांमधल्या सोन्याची किंमत पावणेचार लाखांच्या घरात गेली असती. १४ ने ती आली दोन लाख अडतीस हजार.

बाबांचा चेहरा बघवत नव्हता. ‘दुसरी बघा,’ ते म्हणाले. दुसरीही तीच. हे मशीन वरच्या थराचंच वाचतं, असं मी गुगलवर वाचलेलं, ते मी ऐकवलं. काकांनी शांतपणे काळा कसोटीचा दगड काढला, पाटलीच्या आतल्या बाजूने रेघ ओढली, तिच्यावर अॅसिडचा थेंब टाकला. रेघ फिकी पडत गेली. पक्की खात्री हवी तर किंचितसं सोनं खरवडून भट्टीत तपासतात, पण त्याची गरज आहे असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

‘फसवलं कुणीतरी आजोबांना,’ बाबा जिन्यात म्हणाले. त्यांचे आजोबा, म्हणजे आजीचे वडील. वाईला शाळामास्तर होते. पोरीच्या लग्नासाठी पै-पै जमवून केलेल्या पाटल्या, आणि सराफाने चौदा कॅरेट गळ्यात मारलं. रिक्षात बाबा एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, ‘हे ताईला सांगायचं नाही.’ आत्या त्यांच्याहून तीन वर्षांनी धाकटी, पण ते तिला ताईच म्हणतात.

का सांगायचं नाही? कारण तिला वाटेल, आता किंमत कमी सांगून आम्ही हिशोब बरोबर करतोय.

इथे मला पहिल्यांदा कळलं की व्हॅल्युएशन ही फक्त काट्यावरची गोष्ट नाही. तोंडी आकड्यांवर घरं चाललेली असतात. पाच तोळे, चार तोळे, ‘तुला नथ, तिला माळ’. त्या आकड्यांवर कुणी रुसलेलं असतं, कुणी ओशाळलेलं असतं. मशीनने एक आकडा बदलला की तीस वर्षांची सगळी गणितं हलतात.

मी अर्थातच आत्याला फोन केला.

नियमभंग मान्य. पण आत्याशी मी खोटं बोलू शकत नाही आणि गप्प तर त्याहून बसू शकत नाही. सगळं सांगितलं. वजन, टक्के, कसोटीचा दगड, बाबांचा चेहरा. पलीकडे शांतता. मग आत्या हसायला लागली. म्हणजे अगदी पदर तोंडाला लावून हसतात तसं.

‘अगं, त्या मोरारजी पाटल्या! चौदाच असणार!’

आता हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. आजी कधीकधी हात पुढे करून म्हणायची, ‘या माझ्या मोरारजी पाटल्या.’ मला वाटायचं, डिझाइनचं नाव असेल. शिंदेशाही तोडे असतात, तशा मोरारजी पाटल्या. आईला वाटायचं, सराफाचं नाव. बाबांना वाटायचं, मोरारजीभाई पंतप्रधान असताना आजीने कधीतरी केलेला विनोद. तिघांपैकी एकानेही तिला कधी विचारलं नाही.

आत्याने विचारलं होतं.

गोष्ट अशी. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनबरोबर युद्ध झालं. परकीय चलनाची टंचाई, सोन्याची चोरटी आयात जोरात. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि त्यात एक फर्मान होतं, चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. बावीसचं सोनं अंगावर घालणाऱ्या देशाला एका रात्रीत चौदाचं सांगितलं गेलं. सोनारांचे धंदे बसले, कित्येकांना दुसरी कामं शोधावी लागली, आत्महत्याही झाल्या. पुढे ग्राहकाने स्वतःचं जुनं सोनं आणून दिलं तर त्याचा जास्त कसाचा दागिना करून द्यायला सवलत मिळाली, पण नवं करायचं तर चौदाच. ही चौदाची अट गेली १९६६ मध्ये. सुवर्ण नियंत्रण कायदा म्हणून जो काही होता, तो १९६८ च्या रूपात पुढे चालू राहिला आणि अखेर १९९० मध्ये रद्द झाला.

आजीचं लग्न १९६४ चं. बरोबर मधोमध.

‘लोक गुपचूप बावीसचं करून घेत होते गं,’ आत्या सांगत होती. ‘पण हे पडले मास्तर. सरकार म्हणतं चौदा, तर चौदा. बासष्टच्या युद्धात स्वतःच्या बोटातली अंगठी संरक्षण निधीला देऊन आले होते. जुनं सोनं मोडायला घरात होतं कुठे? चौदाच्या पाटल्या केल्या, वजनात मात्र कमी केलं नाही. पाच तोळे म्हणजे पाच.’

आणि मोरारजी?

‘ते आमच्या आजीचं. म्हणजे आईच्या सासूबाईंचं. सोनं जरा लालसर दिसतंय म्हणून लग्नानंतर सराफाकडे दाखवून आणलं. आणि मग येईल-जाईल त्याच्यासमोर, ‘बघा हो, व्याह्यांनी मोरारजी पाटल्या दिल्यात.’ वर्षानुवर्षं. आई ऐकून घ्यायची. मग कधीतरी तीच स्वतः म्हणायला लागली. आपणच म्हटलं की टोचत नाही ना.’

मी खिडकीशी उभी होते. काही बोलायला सुचेना. इतकी वर्षं आजी हात पुढे करून जे म्हणायची, तो कुणाचा टोमणा होता!

‘बाबांना का नाही सांगितलं तिने?’

‘मुलाला काय सांगायचं त्याच्या आजीबद्दल? मला सांगितलं. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री.’

आणि मग आत्याने जे सांगितलं ते मी स्पीकरवर टाकून आईला ऐकवलं. ‘वहिनी, तुम्ही मला तबकं कसली देता? मला मिळालेली बोरमाळ सासूबाईंची होती, जुन्या कसाची. आईने मला सांगूनच दिली होती की वजनावर जाऊ नकोस. तुम्ही दर दिवाळीला साडी देत होतात, मी घेत होते. कुणाला कशाला सांगा?’

आईचा चेहरा म्हणजे, काय सांगू. आधी थक्क, मग किंचित चिडलेला, मग ती पण हसायला लागली. तीस वर्षांच्या भारी साड्या!

गणपतीला आत्या पुण्याला आली, बोरमाळ घेऊन. २०१९ च्या ऑगस्टमधल्या सांगलीच्या महापुरात गावभागातल्या घराच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं, तेव्हा ती हीच माळ पदराला गाठ मारून वर घेऊन बसली होती. म्हणजे माझ्यासारखी पॉवर बँक नाही. आम्ही पुन्हा त्याच जिन्याने वर गेलो. बोरमाळेचं प्रकरण वेगळं असतं. मणी पोकळ, आत लाख भरलेली. वजन आलं ४६ ग्रॅम. त्यातली लाख काकांनी अंदाजाने सात ग्रॅम वजा केली. मशीनने दाखवलं नव्वद टक्के. म्हणजे शुद्ध सोनं पस्तीस ग्रॅमच्या आसपास. पाटल्यांमधलं शुद्ध सोनं चौतीस. ग्रॅमभराने आत्या पुढे.

आजीने हे मोजलं होतं का? तिच्याकडे मशीन नव्हतं. पण वाण्याच्या काट्यावरही लक्ष ठेवणारी बाई होती ती. मला वाटतं तिला पक्कं माहीत होतं.

काकांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी ते ‘अस्सं’ का म्हणाले होते. साठ वर्षं वापरलेल्या बावीस कॅरेटच्या पाटलीची नक्षी गुळगुळीत झालेली असते. सोनं मऊ, ते झिजतं. आमच्या पाटल्यांची नक्षी अजून नखाला लागते. आई नेहमी म्हणायची, ‘बघ, किती जपून वापरल्या.’ जपणूक होतीच, पण तांबंही होतं.

नथीचं मात्र घोंगडं भिजत पडलंय. ती आजीच्या आईची. मोती बसऱ्याचे, असं सांगतात. इराणच्या आखातातले हे नैसर्गिक मोती मुंबईच्या बाजारात यायचे, आणि १९२०-३० च्या दशकांत जपानचे कल्चर्ड मोती आल्यावर तो व्यापार कोसळला. मोती खरंच नैसर्गिक असतील तर नथीची किंमत तिच्या सोन्याच्या कितीतरी पट. कल्चर्ड असतील तर काही नाही. वरून बघून ठरत नाही. लॅबमध्ये एक्स-रे काढावा लागतो. काकांनी सर्टिफिकेटवर लिहिलं, ‘मोती, नैसर्गिक असल्याची खात्री केलेली नाही,’ आणि किंमत धरली फक्त सोन्याची. म्हणजे उद्या नथ गेली तर विमा कंपनी मला एका तारेचे पैसे देणार. हे मला कळतं. तरी अजून लॅबला गेले नाहीये. एका आकड्याने एवढं सगळं झालं, दुसऱ्यासाठी जरा दम खाते.

पॉलिसी घेतली. सर्टिफिकेट, चारही बाजूंनी काढलेले फोटो, वजनासकट यादी. वारशाने आल्याचा पुरावा म्हणून मित्राने काही जुनं मागितलं, तेव्हा बाबांनी आजीच्या लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. नवरी मान खाली घालून बसलीय, हात मांडीवर, आणि पाटल्या अगदी स्पष्ट. तो स्कॅन करून फाइलला जोडला.

किंमत ठरवून घेतलेली असली की क्लेमच्या वेळी तीच रक्कम मिळते, घासाघीस नाही. पण भाव वाढला तर तेही आपलंच नुकसान. ऑगस्ट २०२५ मध्ये रिन्यूअल आलं तेव्हा शुद्ध सोनं दहा ग्रॅमला लाखावर पोचलं होतं. आदल्या वर्षीचे दोन लाख अडतीस हजार आता तीन लाख चाळीस हजार झालेले. मी जुनीच रक्कम ठेवली असती तर पाटल्यांचा जेमतेम सत्तर टक्के विमा उतरवून निवांत झोपले असते. काही पॉलिसींमध्ये तर याहून वाईट असतं. दहा लाखांचा ऐवज पाचच लाखांना नोंदवला आणि त्यातली लाखाची वस्तू गेली, तर पन्नास हजारच हातात ठेवतात. निम्मा विमा, निम्मी भरपाई. तेव्हा दरवर्षी भाव बघून आकडा बदला, प्रीमियममध्ये फार फरक पडत नाही.

आणखी दोन गोष्टी, कारण हे लिहितेय म्हटल्यावर मैत्रिणींनी हेच विचारलं. एक, वारशाने आलेल्या दागिन्यांवर टॅक्स नाही. तसला कर १९८५ मध्येच गेला. विकले तर मात्र नफ्यावर कर लागतो, आणि दागिना फार जुना असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते. ते सर्टिफिकेटही व्हॅल्युअरच देतात. दोन, नुसता कस जाणून घ्यायचा असेल तर सराफाकडेच जायला हवं असं नाही. बीआयएसच्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात कुणीही आपला दागिना तपासून घेऊ शकतं. २०२३ मध्ये सरकारने सांगितलेली फी चार नगांपर्यंत २०० रुपये. आपल्या दोन कॉफ्या.

फॉर्ममध्ये ‘वस्तूचे वर्णन’ असा रकाना असतो. मित्राने तिथे टाइप केलं, ‘सोन्याच्या पाटल्या, एक जोडी, १४ कॅरेट.’ बाबा मागे उभे होते. म्हणाले, ‘त्यापुढे कंसात १९६४ लिही.’ मित्र म्हणाला, ‘काका, त्याने किमतीत काही फरक नाही पडत.’ ‘माहीत आहे, लिही.’ त्याने लिहिलं.

आत्याच्या बोरमाळेचाही विमा उतरवू म्हणून मी खूप मागे लागले. तिला घरातलं कव्हर, लॉकरचं कव्हर, बाहेरचं कव्हर सगळं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि परतीच्या दिवशी स्वारगेटला एसटीत चढताना पदर जरा बाजूला करून दाखवलं. माळ गळ्यात.

‘आत्या! अगं, घराबाहेर गेली तर एक पैसा मिळणार नाही!’

‘घराबाहेर कुठे?’ ती खिडकीतून म्हणाली. ‘माझ्या गळ्यात आहे की.’